दहा यार्ड मागे

चेंडूला हात न लावण्याबद्दल ज्याला पगार मिळत असे, अशा माणसाच्या घरात मी तीन वर्षं भाड्याने राहिले. हे कुणालाही सांगितलं की समोरचा विचारतो, "म्हणजे अंपायर का?" अंपायर नव्हे. हेल्मेट घालून खेळतात तो अमेरिकन फुटबॉल, तोही अमेरिकेत जाऊन आणि पोटासाठी खेळलेला हा मराठी माणूस. जन्म लंडनच्या हॅरोचा, आईवडील पुण्याचे डॉक्टर, मुक्काम स्टॅनमोर. उंची दारापेक्षा बोटभर कमी आणि रुंदी जवळपास दाराइतकी. खोली बघायला गेले तेव्हा बेल वाजवली, दार उघडलं, पण उजेड काही बाहेर आला नाही.

"तू फार्मसीवाली ना?" वरून आवाज आला. "आत ये. शूज इथे काढ. आई वर आहे, तो आता खाली येतो."

तो म्हणजे आई. मराठीतल्या सगळ्या नामांना त्यांनी एकाच डब्यात बसवलं होतं. आई तो, खुर्ची तो, पोळी तो. मी वॉटफर्डच्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत नुकतीच लागले होते आणि भाडं परवडत होतं, म्हणून व्याकरणाकडे दुर्लक्ष केलं. वयाने वीस-बावीस वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणू लागले. त्यांच्या आईला आजी म्हणायला गेले, तर त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मला नातवंडं नाहीत. काकू म्हण." ऐंशी ओलांडलेल्या, पाच फुटांच्या आतल्या आणि शब्दाला पक्क्या. आयुष्यभर इथल्या हॉस्पिटलांत त्यांनी ऑपरेशनच्या पेशंटांना भूल दिली होती.

पहिल्याच आठवड्यात काकूंनी मला ती गोष्ट सांगितली. नवऱ्याच्या मागे एकदाच त्या एकट्या अमेरिकेला गेल्या होत्या, मुलाची मॅच बघायला. साडी, साडीवर दोन कोट, आणि पायाखाली बर्फ. मैदानावर काय चाललंय ते कळेना, आपला मुलगा कुठला तेही ढिगाऱ्यात दिसेना. आणि मग खेळ थांबला. "पंचानं माइक हातात घेतला, आणि भर स्टेडियममध्ये त्याचा नंबर पुकारला. सिक्स्टी-सिक्स. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या." हे सांगताना त्या खुर्चीतल्या खुर्चीत थोड्या उंच व्हायच्या. ही गोष्ट प्लंबरला माहीत होती, जीपी डॉक्टरला माहीत होती, आणि इथल्या महाराष्ट्र मंडळात तर लोक ती त्यांच्याबरोबर म्हणायचे. दादा अशा वेळी नेमके काहीतरी आणायला आत जायचे.

मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. क्रिकेट सोडून बाकी सगळे खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग, असं आमच्या साताऱ्याच्या घराचं मत. एका रविवारी काकू वर पडल्या असताना दादांनी स्वयंपाकघरात मसाल्याचा डबा उघडला आणि माझी शिकवणी घेतली. मोहरी, जिरं, हळद, तिखट आणि मेथ्या अशा पाच वाट्या ओळीत मांडल्या.

"हे आम्ही. लाइनमन." मग मागे हिंगाची डबी. "हा क्वार्टरबॅक. चेंडू याच्याकडे. हा लांब फेकणार, लोक नाचणार." मग समोरून कपांची रांग आली. "आणि हे लोक हिंगाला मारायला येणार. आम्ही येऊ द्यायचा नाही. माझा जॉब एवढाच."

"मग तुमच्याकडे चेंडू कधी येतो?"

"येत नाही."

"पूर्ण मॅचमध्ये?"

"पूर्ण करिअरमध्ये. एकदा कुणाच्या तरी हातातून सुटून माझ्या पोटावर पडला. मला वाटला, काहीतरी चुकला."

मागच्या हिंगाकडे वळून बघायची सोय नसते. तो डावीकडे आहे की उजवीकडे, उभा आहे की आडवा झाला, हे लोकांच्या ओरडण्यावरून ओळखायचं. "मागे बघायचा नाही," दादा म्हणाले. "मागे माणूस आहे असा धरून चालायचा." हे वाक्य मी पुढे त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की माझ्या आईला फोनवर मीही म्हणायला लागले.

मग नियम. समोरच्याला अडवा, ढकला, त्याचा मार स्वतःवर घ्या. पण त्याला धरायचं नाही. कपडा मुठीत आला, कवटाळला, की होल्डिंग. पंच पिवळा रुमाल फेकतो, खेळ थांबवतो, माइक चालू करतो आणि कुणी धरलं त्याचा नंबर सगळ्या स्टेडियमला सांगतो. शिक्षा म्हणून टीम दहा यार्ड मागे.

"म्हणजे लाइनमनचं नाव निघतं ते चुकला तरच?"

"नाव पण नाही. नंबर."

माझी ट्यूब जरा उशिरा पेटते. मोहरीची वाटी हातात घेऊन मी म्हटलं, "पण मग काकूंनी त्या दिवशी..." दादांनी जिन्याकडे एक नजर टाकली आणि वाट्या भराभर डब्यात टाकायला लागले. मेथ्यांत जिरं मिसळलं ते पुढे महिनाभर निवडत बसावं लागलं.

नंतर कचऱ्याचे डबे बाहेर लावताना, फुटपाथवर, त्यांनी मला खरं सांगितलं. खेळ अगदी शेवटाला आला होता, त्यांच्या टीमने जिंकायची वेळ आली होती, आणि यांच्या मुठीत समोरच्याचा शर्ट आला. नंबर पुकारला गेला. सगळं स्टेडियम त्यांच्यावर ओरडत होतं, आईबहिणीवरून ओरडत होतं. मान खाली घालून मागे येताना सहज वर बघितलं, तर त्या सगळ्या गर्दीत एक ठिपक्याएवढी बाई उभी राहून टाळ्या वाजवत होती. कोटाखालून जांभळी साडी दिसत होती.

"नंतर जेवताना म्हणाला, तुझा नंबर माइकवर घेतला रे. मी म्हटला, हो आई."

"आणि कधीच सांगितलं नाहीत?"

"आई एकच मॅच बघितला," डबा सरळ करत ते म्हणाले. "तो एक मॅच चांगला राहू दे."

मला हा माणूस तेव्हापासून आवडायला लागला. त्याआधी मला तो नुसता विचित्र वाटत होता, आणि विचित्र तर तो होताच. टीव्हीवर मॅच लावली की ते स्क्रीनच्या वरच्या अर्ध्या भागावर वर्तमानपत्र चिकटवायचे. चेंडू वर उडतो, नजर त्याच्यामागे जाते, आणि खालची खरी कामं बघायची राहतात, हे त्यांचं म्हणणं. कोण जिंकलं विचारलं तर सांगता यायचं नाही. "पण तो डावीकडचा नवीन पोरगा पाय काय सुंदर हलवतो," असं मात्र दोन दिवस चालायचं. वर्षातून एक-दोनदा अमेरिकन टीम वेम्बलीला खेळायला यायच्या, आमच्या ज्युबिली लाइनच्या ट्रेनमध्ये टीमचे शर्ट घातलेली माणसं कोंबलेली असायची. त्यांतल्या एकानेही या माणसाला कधी ओळखलं नाही. दादांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट बरं वाटायचं, असा माझा अंदाज आहे.

आता पोटापाण्यासाठी ते काय करत, तर काही करत नसत. खेळून मिळालेलं व्यवस्थित ठेवलेलं होतं. पण सकाळी आणि दुपारी अंगात पिवळा कोट घालून, हातात तो गोल पाटीचा दांडा घेऊन, शाळेसमोर रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे. शाळेच्या पोरांना रस्ता पार करून देणारा, इथल्या भाषेत लॉलीपॉप मॅन. गाड्यांकडे तोंड, हात पसरलेले, आणि पाठीमागून पोरांची रांग जायची. मी बसच्या खिडकीतून अनेकदा बघितलं, पोरं पलीकडे पोचेपर्यंत ते एकदाही वळायचे नाहीत. डॉक्टरांच्या घराण्यात हे काम काकूंना जरा जड जायचं. मंडळात कुणी विचारलं तर त्या सांगत, "ट्रान्सपोर्टमध्ये आहे."

मंडळाचं निघालंच आहे म्हणून सांगते. दादांचा आणि जेवणाचा छत्तीसचा आकडा होता, आणि ते कुणाला पटत नसे. खेळाच्या दिवसांत वजन उतरू नये म्हणून त्यांना भूक नसताना खावं लागे, पोट भरल्यावर खावं लागे, मळमळलं की थोडं थांबून पुन्हा खावं लागे. खाणं हीच ड्यूटी. खेळ सोडला त्या दिवशी त्यांनी काय केलं असेल, तर दुपारचं जेवण घेतलं नाही. ते म्हणायचे, तेवढा आनंद त्यांना कुठल्याच मॅचनंतर झाला नव्हता. पुढे चांगलं पंचवीस-तीस किलो वजन उतरवलं, तरी उरले ते दोघांना पुरतील एवढे होतेच. आता सांगा, असा देह गणपतीच्या जेवणाला हॉलमध्ये येऊन दोन पुऱ्या आणि वाटीभर वरणभात घेऊन उठायला लागला, तर आपल्या बायका त्याला उठू देतील का?

वाढायला स्टॅनमोरच्याच एक बाई होत्या, आग्रहात कुणाला हार न गेलेल्या. श्रीखंडाचा डाव घेऊन त्या दादांच्या समोर आल्या. "अहो, एवढ्या देहाला हे काय? लाजता कसले?" दादांनी ताटावर हात आडवा धरला. बाईंनी उजवीकडून डाव घातला, हात तिथे. डावीकडे हूल दिली, हात तिथे. मग त्यांनी दुसऱ्याच माणसाकडे बघून बोलता बोलता वरून सोडायचा प्रयत्न केला, तेव्हा दुसराही हात आला. दोन्ही हात ताटावर तरंगत होते, डावाला किंवा बाईंच्या बोटांना कुठेही न शिवता. आजूबाजूची पंगत जेवायची थांबली. शेवटी ते श्रीखंड शेजारी बसलेल्या खजिनदारांच्या पापडावर पडलं. त्या बाई मला म्हणाल्या, "इतकी वर्षं वाढतेय, असा माणूस नाही बघितला." त्यांच्या आवाजात आदर होता.

घरी येताना कारमध्ये काकू हसून हसून खोकत होत्या. ही गोष्ट त्या पडल्या त्याच्या आधीची.

काकू जिन्यावरून पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. मनगट जुळलं, पण जिना तुटला तो तुटलाच. त्या वरच्या पायरीपर्यंत यायच्या, कठड्यावर हात ठेवायच्या आणि परत खोलीत जायच्या. बाथरूम वर, झोपायची खोली वर; खाली स्वयंपाकघर, बैठक आणि बाकी सगळं जग. दादांची बहीण वॉटफर्डला असायची, प्रेमळ पण घाईची. तिने जिन्याला बसवायची लिफ्टची खुर्ची सुचवली. काकू म्हणाल्या, "मी काय सुटकेस आहे?" मग तिने सुचवलं, पलंग खाली बैठकीत आणू. त्यावर काकू म्हणाल्या, "बैठकीत पलंग आला की लोक विचारपूस करायला येतात. मला पाहुणे हवेत, विचारपूस नको." तेव्हा बहिणीने तिसरी गोष्ट काढली. चांगली म्हाताऱ्यांची होम्स असतात हल्ली, आपल्या लोकांची, वरणभात मिळतो. त्यानंतर त्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादा वर गेले आणि आईला घेऊन खाली आले. कसे आले ते मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. ते तिच्या एक पायरी खाली उभे होते, तोंड तिच्याकडे आणि पाठ उताराकडे. गुडघे वाकवलेले, दोन्ही तळवे छातीपुढे उघडे. त्यांनी तिला धरलं नव्हतं. तिने एक पायरी खाली पाय टाकला की ते एक पायरी मागे सरकत, न बघता. तिची नजर त्यांच्या छातीवर होती. एवढी मोठी भिंत समोर असताना पडायचं म्हटलं तरी कुठे पडणार, असं तिला वाटत असावं. उभं आयुष्य त्यांनी हेच केलं होतं, समोरच्यावर नजर ठेवून मागे सरकायचं. फक्त आता ज्याला जपायचं तेच माणूस समोर होतं.

"हात का नाही धरत त्यांचा?" मी नंतर विचारलं.

"धरला तर आई माझ्यावर चालतो. नाही धरला तर स्वतः चालतो." मग चहा ओतता ओतता म्हणाले, "आणि धरणं फाउल आहे."

हे रोज सकाळी चालू झालं. होमचा विषय मागे पडला. काकू पुन्हा खाली बसून फोनवर लोकांना ओरडायला लागल्या, माझी पोळी बिघडली की सांगायला लागल्या. एका संध्याकाळी कौतुकाने मी त्यांना त्यांच्या कामाबद्दल विचारलं. "भूल देणाऱ्याचं काय सांगायचं?" त्या म्हणाल्या. "पेशंट नीट उठला की पेढे सर्जनला. नाही उठला की सगळे माझ्याकडे वळून बघणार. मला माझ्या लेकाची नोकरी तेवढी समजते." मला तेव्हा ते बोलणं नुसतं गमतीचं वाटलं.

पण दादांचे गुडघे संपले होते. काकूंना खाली आणून झालं की ते शेवटच्या पायरीवर बसायचे आणि पायाशी काहीतरी करत राहायचे. विचारलं तर म्हणत, लेस बांधतो. पायात सपाता असायच्या. हॉस्पिटलने गुडघा बदलायची तारीख दिली, ती त्यांनी पुढे ढकलली. दुसरी दिली, तीही ढकलली. मला कारण विचारायची गरज नव्हती. ते ऑपरेशनला गेले की काकू वरच राहणार, आणि काकू वर राहिल्या की होमचा विषय खाली येणार. बहिणीने तसं फोनवर बोलूनही दाखवलं होतं.

मग एका सकाळी जिन्याच्या मध्यावर त्यांचा उजवा गुडघा निसटला. मी आवाज ऐकून धावले. ते भिंतीला पाठ घासत आडवे पडले होते, आणि काकू वरच्या पायरीवर कठडा धरून जशाच्या तशा उभ्या होत्या. पडताना त्यांनी आधारासाठी आईकडे हात टाकला नव्हता. उलट दोन्ही हात मागे नेऊन स्वतःला तिच्यापासून लांब पाडलं होतं. काकूंनी ते बघितलं होतं, मला नंतर सांगितलं.

"तारीख घे," त्या म्हणाल्या.

"आई, तू खाली कसा येणार?"

"नाही येणार. वर राहीन. तारीख घे."

त्या स्वतःहून परत फिरल्या आणि खोलीत गेल्या. ऑपरेशनचे दिवस त्यांनी तसेच वर काढले. मी चहा आणि जेवण वर नेत होते. मी एकदा म्हटलंसुद्धा, चला, मी उभी राहते पुढे. त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "मायेची आहेस गं, पण वजनाला कमी." ताट न्यायला गेले की त्या कधी कधी वरच्या पायरीशी उभ्या दिसायच्या, खाली बघत. मला बघितलं की काहीतरी शोधत असल्यासारखं करायच्या.

बहिणीने दादांना घरी आणून सोडलं आणि ती कामावर गेली. वर चढणं त्यांना जमलं. कुबडी, कठडा आणि शिव्या, या तिन्हींच्या जोरावर ते वर पोचले आणि झोपले. घोडं अडलं ते दुसऱ्या दिवशी. माझी सुट्टी होती, मी पोहे करत होते. बराच वेळ कुणी खाली येईना म्हणून बाहेर आले, तर दादा वरच्या पायरीवर उभे होते. कठडा इतका घट्ट धरलेला की बोटं पांढरी पडली होती. कपाळाला घाम. कसल्या कसल्या राक्षसांचा मार अंगावर घेतलेला हा माणूस, आणि तेरा-चौदा पायऱ्या बघून त्याची पाचावर धारण बसली होती. तो नवा गुडघा आपला नाही, असं त्यांना वाटत होतं. मला ते बघवेना.

"बाजूला हो," मागून आवाज आला.

काकू साडीवर कार्डिगन घालून खोलीतून आल्या. दादांच्या काखेखालून निघाल्या, एक पायरी खाली उतरल्या आणि तिथे वळल्या. तोंड मुलाकडे, पाठ उताराकडे. चष्मा सारखा केला आणि दोन्ही तळवे छातीपुढे उघडे धरले. त्यांचं डोकं त्याच्या पोटाशी येत होतं.

मी गॅस तसाच टाकून जिना चढले आणि त्यांच्या मागे दोन पायऱ्या खाली उभी राहिले.

"तू मागे आहेस ना गं?" काकूंनी न वळता विचारलं.

"आहे."

"मग झालं. चल रे. उतरताना दुखरा पाय आधी."

"आई, तू पडशील."

"मी डॉक्टर आहे की तू? दुखरा आधी."

त्यांनी दुखरा पाय खाली ठेवला. काकू एक पायरी मागे आल्या. मी एक पायरी मागे आले. ज्या बाईला सरळ तोंडाने उतरवत नव्हतं ती उलटी उतरत होती, आणि हे तिच्या लक्षात आलंय की नाही कोण जाणे, मी तोंड उघडलं नाही. तशा चार-पाच पायऱ्या झाल्या. मग दादांची कुबडी पायरीच्या कडेला अडकली आणि तो सगळा देह पुढे झुकला. काकूंनी दोन्ही मुठींत त्यांचा शर्ट धरला. मी काकूंना मागून कवळ घातली. तिघंही तसेच राहिलो. दादांनी कठडा पकडला, कुबडी सोडवली आणि श्वास घेतला. मग खाली आईच्या मुठींकडे बघून त्यांना हसू फुटलं.

"आई, धरायचा नाही. होल्डिंग."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "दहा यार्ड मागे."

दादांचं हसू तिथेच थांबलं. मीही काकूंच्या पाठीशी गार झाले.

"तुला माहीत होता?" ते म्हणाले.

"अरे, तुझ्या आधी दोघांचे नंबर घेतले होते त्यानं. दोन्ही वेळा रुमाल पडला, लोक ओरडले आणि तुम्ही सगळे मागे गेलात. मला काय एवढंही कळत नाही?"

"मग टाळ्या का वाजवल्या?"

"सगळं स्टेडियम माझ्या मुलावर ओरडत होतं," काकू म्हणाल्या. "कुणीतरी नकोत का वाजवायला?"

त्यांनी शर्टावरच्या मुठी सोडल्या, चुरगळलेला कपडा तळव्याने सारखा केला आणि हात पुन्हा उघडे धरले. खाली पोहे करपल्याचा वास येत होता. डोळे पुसायला दादांचा एकही हात मोकळा नव्हता. त्यांनी दुखरा पाय खाली टाकला, काकू एक पायरी मागे आल्या, आणि मीही एक पायरी मागे आले.